गोणपाटाबद्दल आभार

रविवारच्या मंडळींनो आणि माळीमामा,

सप्रेम नमस्कार.

बागेच्या फाटकाजवळच्या कडुनिंबाला परवाच्या वळवाचं पाणी मिळालं. पाऊस तिथे आधीही पडायचाच, पण पेव्हर ब्लॉकवरून वाहून थेट गटारात जायचा. या वेळी, तुम्ही बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडून केलेल्या आळ्यात पाणी थांबलं आणि मुरलं. म्हणून हे पत्र.

त्या झाडाची दशा केली होती ती सुशोभीकरणाने. खाली चार इंच काँक्रीट, वर ब्लॉक, तेही थेट सालीला टेकवून. आणि बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे, म्हणजे काळजी घेतली! झाडाला पोसणारी बारीक मुळं बहुतेक जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. ती कोंडली की आधी शेंडे वाळतात, मग कुणीतरी ‘धोकादायक झाड’ म्हणून तोडणीचा अर्ज टाकतं. बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायपीठाने, दिल्लीतल्या झाडांसाठी २०१३ सालीच बजावलं आहे. आपल्या राज्यात शहरातली झाडं जपण्याचा कायदा तर १९७५चा. ठेकेदाराला मात्र जितकी फरशी तितकं बिल, त्यात झाडाची जागा वजा कोण करणार?

तुम्ही ब्रेकर मशिन आत येऊ दिलं नाहीत, हे फार बरं केलंत. त्याने तासाभरात काम उरकतं, पण जाड मुळं सोलून निघतात. तिथे बुरशी शिरते, आतून कूज धरते आणि काही वर्षांनी झाड आडवं झालं की खापर वादळावर. तुम्ही छिन्नी-हातोडीने बाहेरून बुंध्याकडे फोडत आलात. शेवटची वीतभर जागा खुरप्याने, आणि मुळांच्या बेचक्यांत तर कुणाच्या तरी घरच्या पळीने उकरली. सिमेंटचा चुरा घमेल्यांनी बाहेर काढलात. तो मातीत राहिला तर चुन्याचा अंश वाढून झाडाला लोह मिळेनासं होतं, पानं पिवळी पडतात.

पण खरे आभार गोणपाटाचे.

नऊ वाजले होते, ऊन चढलं होतं, चहा आला. काम अर्धवट, मुळं उघडी. सगळे कपांकडे वळले. तुमच्यातल्या त्या कॉलेजच्या मुलीने गोणपाट बादलीत बुडवलं, न पिळता तसंच निथळतं मुळांवर पसरलं, वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला दोन विटा ठेवल्या आणि मग कप हातात घेतला. केसासारखी मुळं मे महिन्याच्या उन्हात बघता बघता सुकतात. तेवढ्या एका चहात सकाळभराची मेहनत वाया गेली असती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ५ जूनला, पर्यावरण दिनी, रोपासोबत फोटो काढून जाणारे दरवर्षी येतात. झाडाला ऊन लागेल हे ज्याला आपसूक सुचतं, असं माणूस क्वचित येतं.

माळीमामा, पुढचं सगळं तुमचं. बुंधा जमिनीत शिरताना रुंदावतो ती जागा उघडी ठेवून बाहेर दोन इंच कुजलेलं खत आणि त्यावर चार इंच पालापाचोळा पसरलात. हाच पाला पूर्वी कोपऱ्यात जाळला जायचा. तो सालीला भिडला तर साल कुजते, म्हणून मधे वीतभर अंतर सोडायलाही विसरला नाहीत. जिथले ब्लॉक काढायला परवानगी मिळाली नाही, तिथे सांध्यांतून दोन-दोन फुटांवर पहारीने दीड फूट खोल भोकं पाडून त्यांत वाळू आणि खत भरलंत. ही युक्ती बागेचा नकाशा काढणाऱ्यांनी एकदा येऊन बघावी.

पावसाने उघडीप दिली की बकुळीची पाळी. तिच्याभोवतीचं काँक्रीट जास्त जाड आहे, छिन्न्या धार लावून ठेवायला हव्यात. गोणपाट धुऊन मामांच्या खोलीबाहेर वाळत घातलं आहे.

आपले,
सकाळी बागेत चालायला येणारे