कावळ्याच्या घरट्याचा हिशेब ऑक्टोबरातही छापावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मे महिना आला, की कावळ्याने घरटे शेंड्यावर बांधले की मधल्या बेचक्यात, याची छायाचित्रासह बातमी दरवर्षी वाचायला मिळते. घरटे मध्यावर असेल तर पाऊस चांगला आणि शेंड्यावर असेल तर अवर्षण, हा आडाखा त्यात ठरलेला असतो. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतील वासराच्या भाकणुकीलाही, म्हणजे वासराच्या हालचालींवरून वर्तवलेल्या भाकितालाही, अशीच जागा मिळते. या बातम्या छापण्याला माझी हरकत नाही. पाऊस सरल्यावर तो आडाखा कोणी ताडून पाहत नाही, ही माझी तक्रार आहे.

2025 च्या मे महिन्यात आमच्या विहिरीवरच्या लिंबाच्या अगदी शेंड्याला घरटे होते. काड्यांत गुंफलेले तारेचे तुकडे खालूनही चमकत. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर सीनेला महापूर आला आणि नदीकाठची उभी पिके पाण्याखाली गेली. एका घरट्यावरून आडाखा खोटा ठरत नाही हे मान्य, पण मग एका छायाचित्रावरून तो खरा तरी कसा ठरावा?

सगळेच आडाखे मात्र एका माळेचे मणी नव्हेत. माझ्या चुलत्यांचा भरवसा मिठाच्या बरणीवर असे. मीठ ओलसर होऊन चमच्याला चिकटू लागले, की ते आम्हा मुलांना कडब्याची गंज झाकायला पिटाळत, आणि बहुतेक वेळा ते धावणे वाया जात नसे, कारण मीठ हवेतला दमटपणा खरोखरच शोषून घेते. चंद्राभोवतीचे मोठे खळेही उंचावरच्या पातळ ढगांतील हिमकणांमुळे दिसते. अशा खुणा आज-उद्याचे सांगतात, आणि तेवढ्यापुरत्या कामी येतात. पण आपल्या जिल्ह्यातील रब्बीची ज्वारी ज्या परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरली जाते, तो कसा पडेल हे मे महिन्यातल्या कावळ्याला कळते, असे मानायला काही आधार हवा.

म्हणून सुचवावेसे वाटते, की येत्या मे महिन्यात आपण वाचकांकडून घरट्याचे झाड, त्याची जागा आणि तारीख अशा नोंदी मागवाव्यात आणि ऑक्टोबरात त्या त्या महसूल मंडळातील पावसाच्या आकड्यांशेजारी त्या छापाव्यात. आमच्या लिंबाची नोंद मी न चुकता धाडीन.

आपला,
एक कोरडवाहू शेतकरी, उत्तर सोलापूर