गॅसची एजन्सी बदलता येते, हे घरोघरी कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतील एक भगिनी गॅसचे पुस्तक हातात घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, एजन्सी बदलता येते व्हय? मग इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही?" त्यांचा हा प्रश्न आपल्या वृत्तपत्रामार्फत सर्वांपुढे मांडावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय 2011 मध्ये देशभर सुरू झाली आणि आज ती शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. स्वयंपाकाच्या गॅसचा वितरक बदलण्याची सोय ऑक्टोबर 2013 मध्ये निवडक शहरांत आणि जानेवारी 2014 पासून देशाच्या बहुतेक भागांत लागू झाली. परंतु परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा दहा घरी विचारले तर आठ घरी ती माहीत नसते, असा माझा अनुभव आहे.

मी स्वतः एजन्सी बदलली ती त्रास सोसवेना तेव्हा. तिचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका दुकानापुरती नाही. नंबर लावल्यावर बारा-पंधरा दिवस टाकी यायची नाही. एकदा तर "सिलिंडर पोहोचले" असा संदेश मोबाइलवर आला तेव्हा शेगडीवरच्या कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस संपलेला होता, आणि टाकी दारात आली ती त्यानंतर तिसऱ्या दिवशी. गाडी चौकात उभी राहायची आणि रिकामी टाकी तिथपर्यंत आणून द्या, असे सांगितले जायचे. दुसऱ्या मजल्यावर आणायला सांगितले की बिलाव्यतिरिक्त पन्नास रुपये मागितले जायचे. वास्तविक घरपोच देण्याचा खर्च बिलातील किमतीतच धरलेला असतो, वर एक रुपयाही देण्याची गरज नसते, आणि ग्राहकाने स्वतः गोदामावरून टाकी नेली तर उलट त्यालाच सूट मिळाली पाहिजे. हे मला साठी उलटल्यावर कळले, याची खंत वाटते.

बदलण्याची रीत अवघड नाही. ज्या कंपनीचा गॅस आहे त्या कंपनीच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर आपल्या भागातील वितरकांची यादी येते आणि प्रत्येकाच्या नावापुढे वेळेवर टाकी पोहोचवण्याच्या कामगिरीवरून तारे दिलेले असतात. माझ्या यादीत चार नावे होती. त्यात आमच्या जुन्या एजन्सीपुढे सर्वांत कमी तारे होते, आणि घरापासून अवघ्या दीड किलोमीटरवर असलेल्या दुसऱ्या एजन्सीपुढे चार. कंपनी तीच राहणार असेल तर टाकी, रेग्युलेटर आणि अनामत यांपैकी काहीही बदलावे लागत नाही, फक्त ग्राहकाची नोंद इकडून तिकडे जाते. मला जुन्या एजन्सीतून दोन फोन आले, "ताई, यापुढे अडचण येणार नाही" म्हणून. मी ठाम राहिले आणि काम झाले.

कंपनीच बदलायची असेल, म्हणजे इंडेन, भारत गॅस आणि एचपी या तिन्हींपैकी एकीकडून दुसरीकडे जायचे असेल, तर मात्र खिशाचा विचार आधी करावा लागतो. अशा वेळी टाकी आणि रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे जमा करून अनामत परत घ्यायची आणि नव्या कंपनीकडे आजच्या दराने पुन्हा भरायची असते. जून 2022 पासून 14.2 किलोच्या एका टाकीची अनामत 2200 रुपये आणि रेग्युलेटरची 250 रुपये आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी काही शे रुपये भरले त्यांना परत मिळतात ते तेवढेच. रोजंदारीवर जाणाऱ्या घराने हा फरक कुठून भरावा? टाकी ज्या कंपनीची, तिच्याच कारखान्यात ती भरली गेली पाहिजे, हा नियम या अडचणीच्या मुळाशी आहे. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाने 2025 मध्ये या प्रश्नावर, म्हणजे एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या वितरकाकडून टाकी मिळावी का यावर, लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. आपल्या भागातून किती सूचना गेल्या असतील, असा विचार मनात येतो, कारण मराठी वृत्तपत्रांत त्याची बातमी माझ्या तरी वाचनात आली नाही.

तुलना करताना लोक आधी दर विचारतात. घरगुती टाकीचा दर एका गावात तिन्ही कंपन्यांचा सारखाच असतो. म्हणून तुलना करायची ती सेवेची आणि मापाची. नव्या एजन्सीचा पोरगा पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला वजन करून दाखवायला सांगितले. त्याने कुरकुर न करता हुकाचा काटा काढला, टाकी उचलून अडकवली आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबला. टाकीच्या गळ्याशी रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते. या टाकीवर 15.6 होते, त्यात 14.2 मिळवले की 29.8 किलो भरायला हवे, आणि काटा तिथेच थांबला. इतक्या वर्षांत आमच्या दारात टाकी मोजली गेली ती पहिल्यांदा. त्याच ठिकाणी एक अक्षर आणि दोन आकडे असतात, तेही पाहावेत. 'सी 27' असेल तर त्या टाकीची पुढची तपासणी जुलै ते सप्टेंबर 2027 या तिमाहीत व्हायची आहे, आणि मुदत उलटलेली टाकी आपण परत पाठवू शकतो. गॅस गळत असल्यास 1906 या क्रमांकावर केव्हाही फोन करता येतो, हे तर प्रत्येक ओट्याजवळ लिहून ठेवले पाहिजे.

खेड्यात प्रश्न निराळा आहे. तालुक्याच्या ठिकाणी एकच वितरक असेल तर यादीत एकच नाव येते आणि बदलण्याच्या हक्काला काही अर्थ राहत नाही. उज्ज्वला योजनेतून 2016 पासून ज्या मायबहिणींच्या घरी गॅस आला, त्यांतील कितीतरी जणी अशाच गावांत आहेत. तिथे दुसरा वितरक नेमणे हाच उपाय आहे आणि त्यासाठी लोकप्रतिनिधींनी तेल कंपन्यांकडे पाठपुरावा केला पाहिजे.

निवडीचा हाच प्रश्न आता विजेविषयी. मुंबईच्या उपनगरांत राहणारी माझी भाची सांगते की तिच्या इमारतीत दोन शेजाऱ्यांची बिले दोन निरनिराळ्या कंपन्यांची येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या निकालानंतर आणि राज्य वीज नियामक आयोगाच्या 2009 च्या आदेशानंतर तिथल्या ग्राहकाला तारा एका कंपनीच्या आणि वीज दुसऱ्या कंपनीची, असे घेता येऊ लागले. आपल्याकडे घरगुती ग्राहकाला हा पर्याय नाही. 2011 ते 2014 या काळात छत्रपती संभाजीनगर शहरात एका खासगी कंपनीकडे वीज वितरण होते, तेव्हा पुष्कळांना वाटले की आता निवड करता येईल. पण ती फ्रँचायझी होती, म्हणजे महावितरणच्या वतीने काम पाहणारी कंपनी, बिलाचा दर आयोगानेच ठरवलेला होता आणि कंपनी कोणती असावी हे ग्राहकाला कोणी विचारले नव्हते.

2003 च्या वीज कायद्यानुसार एकाच भागात दुसऱ्या कंपनीला परवाना मिळू शकतो, मात्र तिने स्वतःच्या तारा टाकायला हव्यात. ही अट सैल करून एकाच जाळ्यातून अनेकांना वीज विकू देणारे विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये लोकसभेत आले आणि पुढे ती लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्दबातल झाले. तोच विचार 2025 च्या नव्या मसुद्यात पुन्हा आला आहे. निवड मिळावी असे मलाही मनापासून वाटते. तरीही जानेवारी 2023 मध्ये ज्या समांतर परवान्याच्या अर्जावरून वीज कर्मचारी संपावर गेले, तो अर्ज भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण अशा भागांसाठी होता. जिथे वसुली चांगली आणि वीजगळती कमी, तिथेच नवी कंपनी येणार. आपल्याकडे भारनियमनाच्या काळात फीडरचे, म्हणजे भागाभागाला वीज नेणाऱ्या वाहिन्यांचे, गट गळती आणि वसुलीवरून पाडले जात, आणि शेजारी आकडे टाकतो म्हणून वेळेवर बिल भरणाऱ्याचाही दिवा विझत असे. उद्या वाळूजचे कारखाने आणि शहरांतील मोठी दुकाने स्वस्त पुरवठादाराकडे गेली, तर त्यांच्या जादा दरातून आज जी सवलत शेतीपंपाला आणि शंभर युनिटांच्या आतील घराला मिळते तिचा भार कोण उचलणार? म्हणून नव्या कंपनीला परवाना देताना परळीच्या वस्तीपासून औंढ्याच्या तांड्यापर्यंत मागेल त्याला जोडणी देण्याचे बंधन तिच्यावरही असले पाहिजे, आणि हे बंधन कायद्याच्या शब्दांत स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

ज्यांचे स्वतःचे छत आहे त्यांना पुरवठादार निवडण्याची एक वाट आजच मोकळी आहे. छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठीच्या फेब्रुवारी 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान थेट खात्यात येते. किमान तीन ठिकाणचे दरपत्रक मागवावे आणि पॅनेल व इन्व्हर्टर यांची हमी किती वर्षांची आहे ते लेखी घ्यावे. भाडेकरूंना मात्र याचा उपयोग नाही.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे की आपल्या जिल्हा पुरवणीत बाजारभावांच्या शेजारी महिन्यातून एकदा जिल्ह्यातील गॅस वितरकांची नावे आणि त्यांचे तारे छापावेत. वीजपुरवठा किती वेळा आणि किती वेळ खंडित झाला याचे आकडे वितरण कंपन्यांना प्रसिद्ध करावे लागतात. तेही तालुकावार मराठीत मिळवून द्यावेत. परभणी शहरातील माझ्या भागातल्या चारही एजन्सींच्या ताऱ्यांची नोंद मी जूनपासून वहीत ठेवली आहे. आपण सांगितल्यास पहिल्या यादीसाठी ती लगेच पाठवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, परभणी