बरोबर अक्षरांखाली खूण करणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

माझा नातू आपल्या तिसरीच्या वर्गात आहे. पालकसभेच्या गर्दीत आपल्याशी बोलायचे राहून गेले, म्हणून हे जाहीर पत्र.

श्रुतलेखनात त्याने 'ट्रेन' हा शब्द टी-आर-ए-एन-ई असा लिहिला होता. गेल्या वर्षी तो ज्या शिकवणीला जात असे, तिथे अशा शब्दाभोवती लाल गोल पडे आणि तोच शब्द पानभर लिहून आणावा लागे. तो का चुकला, हे तिथे कोणी सांगितले नाही; इंग्रजी घोकावेच लागते, एवढे मात्र फी घेताना आम्हांला ऐकवले गेले. आपण पेन्सिलीने पहिल्या चार अक्षरांखाली एकेक बरोबरची खूण केली, शेवटच्या ई-खाली नुसती रेघ ओढली आणि त्याला म्हणालात, "हा ई तू केक आणि गेममधून आणलास ना? म्हणजे नियम तुला कळलाय. हा शब्द तेवढा दुसऱ्या रांगेतला आहे."

ते पान त्याने घरातल्या प्रत्येकाला दाखवले. एकही आवाज त्याच्या कानातून सुटला नव्हता, हे लाल गोलात कधीच दिसले नसते.

त्या रांगाही मी वहीत पाहिल्या. शब्दाच्या मध्ये 'ए'चा लांब आवाज आला तर बहुधा ए-आय, जसे रेन, ट्रेन, टेल. शेवटी आला तर ए-वाय, जसे डे, प्ले, ट्रे, कारण इंग्रजी शब्द सहसा आयवर संपत नाहीत. ग्रेट, स्टेक आणि मधल्या सुट्टीचा ब्रेक यांना आपण ई-ए लिहून वेगळ्या चौकटीत बसवले आहे. (गाडीचा ब्रेक मात्र केकच्या रांगेत, हे मला या वयात नव्याने उमगले.)

मराठी शाळांत 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आले. परंतु ज्या मुलाला देवनागरीत 'ए'साठी एक मात्रा पुरते, त्याला इंग्रजीत त्याच आवाजाच्या इतक्या तऱ्हा का, हे समजावून सांगणारे फार थोडे भेटतात. विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने 1476 साली इंग्लंडात छापखाना आणला, त्यानंतर स्पेलिंगे हळूहळू कायम होत गेली, उच्चार मात्र बदलत राहिले, आणि 'नेम'मधल्या ज्या ई-चा एके काळी उच्चार होत असे तो तर छापखान्याआधीच मुका होऊनही स्पेलिंगात राहिला, हे आपण वर्गात सांगितलेत. घोळ आपला नसून इंग्रजांचा आहे, हे कळल्यावर आमच्या चिरंजीवांची छाती फुगली आहे.

भरल्या वर्गात एका मुलाच्या चुकीमागचा विचार वाचायला सवड काढणे, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसते. दवाखान्यात, बँकेत, तलाठ्याच्या कचेरीत समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून घेणारा माणूस भेटला की मला असेच बरे वाटते, आणि तो क्वचितच भेटतो.

'दे' (म्हणजे 'ते') या इंग्रजी शब्दात शेवटी ए-वाय नसून ई-वाय का, हा त्याचा प्रश्न माझ्यापाशी अडला आहे. सोमवारी तो आपल्याकडे घेऊन येईल. कृपया सांभाळून घ्यावे.

आपला नम्र,
तिसरीतल्या एका विद्यार्थ्याचा आजोबा