लिस्बनला दोन तास नाही, तीन तास लागतात

ती. बाबा आणि आई,

काल बाबा तुम्ही म्हणालात की जाताना दोन तास आणि येताना चार तास हे कसं, तिकिटात काहीतरी चुकलंय, आणि तेवढ्यात फोन कट झाला म्हणून आता लिहिते. चुकलेलं काही नाही. फ्रँकफर्टहून सकाळी 10 ला निघून लिस्बनला दुपारी 12 ला उतरायचं, पण पोर्तुगालचं घड्याळ जर्मनीच्या एक तास मागे आहे, म्हणजे खरे तीन तास. येताना 1 ला निघून 5 ला पोचतो, तेही तीनच. सरळ अंतर साधारण 1,870 किमी, आपल्या मुंबई-कोलकात्यापेक्षा थोडंसंच जास्त. जाताना पश्चिमेचा वारा समोरून लागतो म्हणून कधी दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे, बाकी काही नाही.

दादा म्हणतो ट्रेनने या, युरोप बघत येता येईल, पण डायरेक्ट ट्रेनच नाही. माद्रिद-लिस्बन रात्रीची गाडी होती तीही 2020 पासून बंद आहे, म्हणजे गाड्या बदलत बदलत दोन दिवस, आणि आईच्या गुडघ्याला ते मी होऊ देणार नाही.

मला काळजी या तीन तासांची नाहीच, आधीच्या मुंबई-फ्रँकफर्टच्या नऊएक तासांची आहे. मागच्या वेळी आई उतरली तेव्हा पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा लागेना, घरी येऊन बघितलं तर घोट्यावर मोज्याच्या रबराचा वळ खोल उमटलेला, आणि ही म्हणते काही नाही गं. म्हणून यावेळी चार दिवस माझ्याकडे राहायचं, मगच लिस्बन. दादाला नातवंड दाखवायची घाई आहे, समजतं, पण बाळ चार दिवसांनी कुठे जात नाही.

व्हीलचेअर सांगून ठेवलीय. इथे ती फुकट असते, फक्त 48 तास आधी कळवावं लागतं, त्यामुळे आई "लोक काय म्हणतील" हे नको, फ्रँकफर्टला गेटपर्यंत चालणं खूप आहे. दोन्ही देश शेंगेनमध्ये म्हणून लिस्बनला इमिग्रेशनची लाईन नाही, पासपोर्ट मात्र जवळ ठेवायचा. बाबांचं इन्सुलिन हातातल्या बॅगेत, खालच्या सामानात अजिबात नको. कोकमाचं आगळ चेक-इनमध्ये.

आणि बाबा, म्हापशाच्या शाळेत 61 च्या आधी जेवढं पोर्तुगीज शिकलात तेवढं आठवून ठेवा. उतरताना खाली नदी आणि लाल पूल दिसतो, तुम्ही खिडकीशी बसायचं, मी मधे.

आई, पायाच्या घट्ट सॉक्ससाठी घोटा आणि पोटरी सकाळी उठल्या उठल्या टेपने मोज, सूज यायच्या आधी, आणि माप आजच व्हॉट्सॲप कर.

तुमची,
बाय