नवशिक्यांच्या टॅरो संचातील चुकांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

टॅरो म्हणजे ७८ चित्रकार्डे ओढून त्यांचे अर्थ लावण्याची पद्धत. जळगावातल्या आमच्या टॅरो शिकवणी गटाने आपले 'नवशिक्यांसाठी' असे छापलेले चार संच मराठी पुस्तिकेसह मागवले. जाणकाराला त्यातल्या चुका लगेच दिसतात. नवशिका मात्र आपलीच समज कच्ची आहे असे धरून चालतो, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

सर्वांत मोठा घोळ आकड्यांचा. कार्डांवरची चित्रे १९०९ च्या रायडर-वेट संचाच्या धर्तीची आहेत. त्यात सिंहाच्या जबड्याला हात लावणारी स्ट्रेंग्थ ८ वी आणि तलवार-तराजूवाली जस्टिस ११ वी. पुस्तिका मात्र जुन्या फ्रेंच मार्सेय संचाच्या क्रमाची, जिथे हे दोन आकडे नेमके उलटे असतात. शिकणारा ८ बघून पान उघडतो आणि सिंहाच्या चित्राला न्यायनिवाड्याचा अर्थ लावून बसतो. दोन्ही क्रम आपापल्या जागी बरोबर, पण एका डब्यात एकच हवा.

भाषांतर बहुधा यंत्राकडून करून घेतले असावे. 'पेज' म्हणजे दरबारातला पोरसवदा सेवक, तो इथे 'कपांचे पृष्ठ' झाला आहे. मायनर अर्कानाची (कप, तलवारी अशा चार गटांतली) ५६ कार्डे 'अल्पवयीन' आणि कोर्ट कार्डे, म्हणजे राजा-राणी वगैरे दरबारी कार्डे, 'न्यायालयीन'! (तारखेला वकील कोण देणार?) हे हसण्यावारी नेता आले असते. पण १३ व्या डेथ कार्डाचा अर्थ 'घरात मृत्यू' एवढाच दिला आहे. त्याच चित्रात मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे. एक पर्व संपून दुसरे सुरू होणे हा त्याचा रूढ अर्थ. तो गाळून भीती तेवढी विकली आहे.

पुस्तिकेत उलट्या, म्हणजे डोके खाली निघालेल्या, कार्डांचेही अर्थ आहेत, पण पाठीवरच्या नक्षीला वर-खाली आहे. त्यामुळे कार्ड उलटे आहे हे ओढण्याआधीच कळते. नक्षी दोन्हीकडून सारखी दिसायला हवी.

दोन संचांत सिक्स ऑफ कप्स दोनदा आहे आणि सिक्स ऑफ सोर्ड्स नाहीच. आकडा ७८ भरतो, म्हणून मोजून चूक सापडत नाही. सुटे कार्ड पाठवू नये: दुसऱ्या छपाईची छटा वेगळी निघाली की ते पाठीवरूनच ओळखू येते. कडांचे 'सोनेरी' काम तर पिसताना बोटांना लागते. सोन्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या गावात तरी तो शब्द जपून वापरावा.

चारही संच बदलून सुधारित पुस्तिकेसह द्यावेत, नाहीतर पूर्ण रक्कम परत करावी. परतीचा कुरिअर खर्च आपला. १५ दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. पावती आणि चुकीच्या पानांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपले,
टॅरो शिकवणी गट, जळगाव