सिस्टर, नळी तर मोकळी झाली होती ना?

प्रिय सुमे,

पत्राला उशीर झाला. तूही काही रोज लिहीत नव्हतीस, तेव्हा फिट्टंफाट. तब्येत ठीक. गुडघे दुखतात, उभ्याचं काम आहे, दुखणारच.

हार्ट अटॅकचा एक पेशंट परत आला, म्हणून लिहायला बसले. घरी सांगितलं तर "वाचला ना? मग झालं तर" एवढंच ऐकायला मिळालं. तुला सांगते.

पहिल्या खेपेला त्याचं सगळं पुस्तकात छापल्यासारखं झालं होतं. आल्या आल्या दहा मिनिटांच्या आत ईसीजी, त्यात व्ही-टू ते व्ही-फोर एसटी चढलेलं, म्हणजे अटॅकची ठळक खूण, अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, कॅथलॅबला फोन. मनगटातून वायर घालून बंद पडलेली एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी नळी, उघडली, आत स्टेंटची जाळी बसली. नव्वद मिनिटांच्या आत सगळं उरकलं म्हणून सर इतके खूश, की आम्हाला चक्क "थँक्यू" म्हणाले. (हो, आपलेच सर. तूही दोनदा वाच.) दुसऱ्या दिवशी गडी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत फोनवर ऑफिसला कामं सांगतोय. वॉर्डबॉय मामांनी हटकलं तर मनगटावरची पट्टी दाखवून म्हणतो, "एवढंच तर झालंय!" तिसऱ्या दिवशी घरी.

गोळ्या मीच समजावल्या. बायको मान डोलवत होती, हा चार्जर शोधत होता.

घरी गेल्यावर रात्री आडवं झालं की त्याला धाप लागल्यासारखं व्हायला लागलं. गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या टिकाग्रेलॉरच्या गोळीने काहींना होतं तसं. बऱ्याचदा आपोआप कमी होतं, नाहीच झालं तर डॉक्टर गोळी बदलून देतात. पण याने विचारलं कुणाला? स्वतःच हिशेब केला: हृदय दुरुस्त झालंय, दम गोळीने लागतोय, तर गोळी बंद. अ‍ॅस्पिरिन चालू ठेवली, म्हणजे आपण काही बेजबाबदार नाही हेही सिद्ध! तिसऱ्या आठवड्यात स्टेंटमध्येच गुठळी. ट्रॉलीवरून उचलून घेताना व्हीएफ, हृदय नुसतं थरथरतंय. मॉनिटरवर नुसती गिचमिड, नवीन पोरगी लीड सुटली का बघतेय, मी शॉकची पॅडल्स उचलली. २०० जूल, एकच शॉक, लय आली. डोळे उघडून पहिलं वाक्य काय, तर "लाथ कोणी मारली?"

हसलो गं सगळे. पण पुन्हा कॅथलॅब करून वर आल्यावर संध्याकाळी त्याने मला शांतपणे विचारलं, "सिस्टर, नळी तर मोकळी झाली होती ना? तुम्हीच सगळे म्हणत होता, आता काळजी नाही."

म्हणत होतोच की. नातेवाइकांना तोंडावर तेच हवं असतं, आणि नळीपुरतं ते खरंही असतं. पण तेवढा वेळ रक्ताविना राहिलेल्या स्नायूचं काय? आणि नळीत बसवलेल्या त्या जाळीवर आतून अस्तर यायचंय, तोवर रक्ताला ती परकीच, म्हणून तर दोन-दोन गोळ्या, बहुतेकांना वर्षभर. हे सांगतो आपण, पण ज्याला काही झाल्यासारखंच वाटत नाही त्याच्या कानात ते शिरावं कसं?

आपल्या वेळचं गुठळी विरघळवायचं स्ट्रेप्टोकायनेज आठव. पंधरा लाख युनिट तासाभरात. बीपी कोसळायचं, ड्रिप थांबव, पाय वर कर, परत चालू कर, मध्येच एखादी भलतीच लय. तो पेशंट आठवडाभर आपल्याकडे असायचा आणि आपल्याला काय झालंय हे त्याला पुरतं कळलेलं असायचं. त्याच्याही आधी तर सहा-सहा आठवडे झोपवून ठेवत, घासही भरवत. लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी पेशंटना खुर्चीत बसवलं आणि १९५२ साली त्यावर लेख लिहिला, हे ट्यूटरबाई किती रंगवून सांगायच्या! ते दिवस परत नकोतच. पडून राहून पायात गुठळ्या होऊन माणसं जायची. आत्ताचं चांगलंच आहे, नक्कीच चांगलं आहे. तरी माझं डोकं त्याच्या त्या प्रश्नातच अडकलंय.

आणि म्हणून तू आठवलीस, तुझा तो ऑक्सिजनचा मास्क! रक्तातलं ऑक्सिजनचं सॅच्युरेशन अठ्ठ्याण्णव टक्के, तरी तू येईल त्याला मास्क लावायचीस आणि मी काढायचे. मेट्रनसमोर भांडलो होतो, मग आठवडाभर अबोला. त्यात मीच बरोबर होते, हे एकदा लेखी घे: २०१७ साली स्वीडनमध्ये अटॅकची शंका असलेल्या ६,६०० हून जास्त पेशंटवर करून पाहिलं, सॅच्युरेशन नव्वद किंवा वर असेल तर ऑक्सिजनने काही फायदा नाही. पण तू तेव्हा म्हणाली होतीस, "मास्क हृदयासाठी नाही लावत, आपण आजारी आहोत हे त्याला कळायला लावते." मला तेव्हा तो निव्वळ हट्ट वाटला. आता हे वाक्य डोक्यातून जात नाही. त्याला काही म्हणजे काहीच लावलं नव्हतं आम्ही, सुमे.

नवीन पोरीने विचारलं, "मॅडम, मग याला वेगळं काय सांगायचं?" मी तिला चार्ट लिहायला पाठवलं.

तुझ्या धाकटीचं कॉलेज सुरू झालं का? सासूबाईंचा मोतीबिंदू उरकला असेल. प्रिन्सिपलबाई अजून हजेरीवरून छळतात? सविस्तर लिही, मीही पुढच्या वेळी विचारते नीट.

एक काम कर. तुझ्या नर्सिंगच्या मुलींना डिस्चार्जचं बोलणं कसं शिकवतेस ते लिहून पाठव. पोस्टर नको, आमच्याकडे भिंतभर आहेत, त्यांना टेकूनच लोक फोनवर बोलतात. तू पेशंटशी बोलायचीस तसं, तुझ्या शब्दांत. याला शुक्रवारी सोडतायत, त्याच्या आत आलं तर बरं. मास्क मात्र लावणार नाही, ते विसर.

तुझी,
वसू