अंदमानचा बेत: आई-बाबांना पत्र

कोथरूड, पुणे

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर अंदमानचा विषय निघतो आणि अर्ध्यावरच राहतो, म्हणून सगळं लिहून पाठवते आहे. बाबा, पत्र फाइलला लावून ठेवा, तिकडे गेल्यावर लागेल.

आधी मुख्य गोष्ट. पाच रात्रींत चार बेटं बसवलेला कार्यक्रम एजंट पुढे करेल, तो घेऊ नका. दोन रात्री पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक आणि शेवटची रात्र परत पोर्ट ब्लेअर, एवढंच करा. परतीचं विमान पोर्ट ब्लेअरहून सुटतं आणि हॅवलॉकहून तिथे यायचं ते बोटीने. वारा वाढला की बोटीची फेरी रद्द होते आणि हे कधी कधी त्याच दिवशी सकाळी कळतं. बोट आणि विमान एकाच दिवशी ठेवलं तर एक फेरी चुकताच विमानही जातं. मध्ये एक रात्र असली की दुसऱ्या दिवसाच्या बोटीने येता येतं. ही रात्र वाया जाते असं वाटलं तरी ती काढू नका.

बाराटांगच्या गुहाही सोडा. पहाटे अंधारात निघायचं आणि जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्याबरोबर तासन् तास गाडीत बसायचं, हे बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. शिवाय त्या लोकांच्या घरातून पर्यटकांच्या गाड्या जाव्यात, हेच मला पटत नाही.

महिना फेब्रुवारी ठरवू. मेपासून नैर्ऋत्येचा पाऊस असतो, ऑक्टोबरनंतर ईशान्येचा, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वादळांची भीती. म्हणून दिवाळीच्या सुट्टीला जोडून जाणं नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र बराच शांत असतो.

आरक्षण या क्रमाने करायचं: विमान, बोट, मग हॉटेल. बोटीची वेळ हातात आल्याशिवाय कुठली रात्र कुठे काढायची ते पक्कं होत नाही. विमान चेन्नई किंवा बेंगळुरूला बदलावं लागेल. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या, म्हणजे पहिलं विमान उशिरा आल्यास पुढची सोय कंपनीला करावी लागते आणि सामानही थेट जातं. वेगवेगळी तिकिटं दोन-चारशे रुपयांनी स्वस्त दिसली तरी घेऊ नका. मधे किमान तीन तास असू द्या. व्हीलचेअर दोघांसाठी मागा, ती फुकट असते, पण 48 तास आधी कळवावं लागतं. आई, 'मला काय झालंय' म्हणून ती नाकारू नकोस. विमानतळावरचं चालणं आणि रांगेत उभं राहणं फार असतं. साताऱ्याहून आदल्या दिवशीच इकडे या. पहाटेच्या विमानासाठी रात्री खंबाटकीचा घाट उतरत येऊ नका.

नावांचा गोंधळ होऊ देऊ नका. हॅवलॉकचं नाव 2018 पासून स्वराज द्वीप आहे, पोर्ट ब्लेअरचं 2024 पासून श्री विजयपुरम. तिकिटावर यातलं कुठलंही असेल.

आता बोट. खासगी कॅटामरान साधारण दीड ते दोन तासांत पोचवते. ती बंद आणि वातानुकूलित असते, म्हणून डोळ्यांना काही हललेलं दिसत नाही, पण कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हलणं कळतं. मळमळ होते ती त्यातूनच. जागा खालच्या मजल्यावर, मधली किंवा मागची, खिडकीजवळची मागा. पुढचा भाग लाटेवर सगळ्यात जास्त उचलला जातो. बसल्यावर वाचायचं नाही, फोन बघायचा नाही, नजर लांब क्षितिजावर ठेवायची. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि तळलेलंही नको. दोन तास आधी भाताची पेज किंवा कोरडी पोळी पुरे. आल्याचा तुकडा मीठ लावून जवळ ठेवा. आलेपाक आईसाठी ठीक, मधुमेहामुळे बाबांना नको.

उलटीच्या गोळीबद्दल नीट वाचा. आपल्याकडे सर्रास एव्होमिन घेतात. ती बोट सुटायच्या आधी घ्यायची असते. हलायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. पण तिने झोप येते, तोल जातो, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडू शकते. बाबा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घ्यायची नाही. लघवी वाढवणारी बीपीची गोळी प्रवासाच्या सकाळी किती वाजता घ्यायची, तेही त्यांनाच विचारा.

इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठण्याची भीती असते आणि गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी निकामी. बर्फाला चिकटूनही ठेवू नका, मधे रुमाल घाला. सगळी औषधं मुक्कामाच्या दुप्पट घ्या आणि दोघांच्या पिशव्यांत वाटून ठेवा. हॅवलॉकवर प्राथमिक उपचारच मिळतात, मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला, सेल्युलर जेलला लागूनच आहे.

बाबा, जेलबद्दल. 1906 साली पुऱ्या झालेल्या सात इमारतींपैकी तीनच उरल्यात. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, लांब व्हरांड्याच्या अगदी टोकाला आहे. जिना चढून जावंच लागतं. तुम्ही खालूनच नमस्कार करून परत फिरणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत जा, कठडा धरून, मधे थांबत चढा. कोठडीचा कडीकोयंडा नीट बघा: कडी दारापासून लांब भिंतीतल्या खोबणीत जाते, आतून हात घातला तरी पोचत नाही. प्रकाश-ध्वनी कार्यक्रम संध्याकाळी असतो, तो त्याच दिवशी नको, आल्या दिवशी बघा.

तिकडे घड्याळ आपलंच, पण सूर्य तासाभराहून जास्त लवकर मावळतो. फेब्रुवारीत साडेपाचच्या आत. हॅवलॉकवरच्या राधानगरच्या किनाऱ्यावर चारलाच पोचा, नाहीतर अंधारात वाळूतून परत यावं लागेल. पाण्यात उतरायचं तर तिथेच, जीवरक्षकांसमोर, गुडघाभर पाण्यात. अंदमानच्या खाऱ्या पाण्यात मगरी असतात, तेव्हा पाटी दिसली तर ती मानायची. गोविंदनगरच्या बाजूला ओहोटीला पाणी लांब जातं आणि खडक, प्रवाळ उघडे पडतात. तिथे अनवाणी नको, आणि त्यावरून चालायचंच नाही.

वाळूतल्या बारीक माश्या चावताना कळत नाहीत, खाज दुसऱ्या दिवशी सुटते. पाय-घोटे खोबरेल तेलाने माखून घ्या, संध्याकाळी वाळूत फतकल मारून बसू नका, खुर्ची घ्या. बाबांनी तर अजिबात खाजवायचं नाही, साखरेच्या पायाला जखम भरायला वेळ लागतो. आई, शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलू नकोस. प्रवाळ कायद्याने संरक्षित आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

हॅवलॉकला फोनची रेंज कधीही जाते, म्हणून रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा आणि तिकिटं कागदावर छापून ठेवा.

या आठवड्यात दोनच कामं करा. आधार कार्डावर दोघांची नावं कशी आहेत ते अक्षर न् अक्षर लिहून पाठवा, तिकीट तसंच काढते. आणि डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांचं विचारून या.

तुमची,
मनू